झालेली वाटणी आणि मागून आलेला कायदा
(मलकापूर येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मेळाव्यात वधूवरांची माहिती आणि विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या यांचा विचार व्हावा, हे उचितच होय. परंतु ज्या समाजात शेत, दुकान आणि घर पुष्कळदा भावाभावांचे सामाईक असते, त्याने वाटणी आणि कर यांचाही विचार केला पाहिजे. व्यवहार आज करावा आणि उद्याच्या कायद्याने तो मागे जाऊन मोडीत काढावा, हे न्याय्य आहे काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्राप्तिकराच्या दृष्टीने हिंदू अविभक्त कुटुंब ही एक स्वतंत्र व्यक्तीच. तिची करमाफीची मर्यादा निराळी, दरांच्या पायऱ्याही निराळ्या. १९७३-७४ साली यांतील सर्वांत वरची पायरी अधिभारासह शेकडा ९७.७५ इतकी उंच होती. साहजिकच चतुर सल्लागारांनी अंशतः वाटणीचा मार्ग दाखविला. कुटुंब एकत्रच राहावयाचे. केवळ एखादे घर अथवा ठेव वाटून टाकावयाची. त्या हिश्शांवर निराळी लहान कुटुंबे उभी राहत, आणि घरात चूल एक असली तरी करखात्याच्या वहीत चार चुली पेटत. धर्मशास्त्राप्रमाणे अशी वाटणी वैध होती, हेही ध्यानात ठेवावे.

ही वाट बंद करण्यासाठी १९८० साली वित्त कायद्याने १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील १७१ व्या कलमास नववे पोटकलम जोडले. तोवर ज्या कुटुंबाची आकारणी एकत्र होत होती, त्यात ३१ डिसेंबर १९७८ नंतर झालेली अंशतः वाटणी करापुरती झालीच नाही असे मानावयाचे. शिवाय त्या कराची जबाबदारी प्रत्येक सभासदावर, एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणेही. अंमल १ एप्रिल १९८० पासून. वाटणीची तारीख मात्र पंधरा महिने मागची. मद्रास उच्च न्यायालयाने १९८८ साली हे पोटकलम घटनाबाह्य ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली तो निर्णय फिरवून कायदा उचलून धरला.

सरकारच्या बाजूने पुष्कळ बोलता येईल. आम्हा शिक्षकांचा कर पगार हाती पडण्यापूर्वीच कापला जात असे. तो पगार मुलांत वाटून दाखविण्याची सोय आम्हांस नव्हती. एकाने युक्तीने वाचविलेला कर अखेरीस दुसऱ्याच्या माथी बसतो. आणि दार बंद होणार अशी कुणकुण लागली की त्यातून निसटणाऱ्यांची गर्दी उसळते. म्हणून तारीख थोडी मागे नेणे एखादे वेळी भागच पडते.

परंतु त्या कायद्याने एक प्रश्न विचारलाच नाही. वाटणी खरी की कागदी? समजा, १९७९ साली बेबनाव मिटावा म्हणून एखाद्या घरात धाकट्याला भाड्याची इमारत खरोखरच तोडून दिली. भाडे धाकटा खाणार, आणि त्यावरचा कर मागावयास अधिकारी थोरल्याच्याही दारी येऊ शकणार! ज्या वाटणीने भांडण मिटले, तिनेच पुन्हा भांडणाला तोंड फुटावयाचे.

याच प्रश्नाचा विचार आपल्या राज्याने अन्यत्र अधिक जाणतेपणाने केला होता. शेतजमिनीची कमाल मर्यादा कमी करणारी सुधारणा २ ऑक्टोबर १९७५ रोजी अमलात आली. २६ सप्टेंबर १९७० नंतरची कौटुंबिक वाटणी ही मर्यादा चुकविण्यासाठीच केली, असे तीत गृहीत धरले होते. म्हणजे झेप पाच वर्षे मागे! तथापि, तसे नव्हते हे सिद्ध करण्याची मुभाही त्याच कलमात होती. पुराव्याचे ओझे शेतकऱ्यावर होते, हे खरे. पण खऱ्या माणसाला बोलावयास जागा होती.

याच्या अगदी उलट उदाहरण मुंबईतील हचिसन एस्सार या दूरध्वनी कंपनीचे. २००७ साली व्होडाफोनने केमन बेटांवरील एका कंपनीचे भाग सुमारे अकरा अब्ज डॉलरांस घेऊन तिच्यातील मोठा हिस्सा मिळविला. यावर कर लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०१२ रोजी दिला. लगेच त्याच वर्षी संसदेने कायदा बदलला आणि त्याचा परिणाम १ एप्रिल १९६२ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे, मागे नेला. जिनात कापसाची गाडी मोजून झाल्यावर वजनमाप बदलावे, असा हा प्रकार. २०२१ साली संसदेनेच जुन्या व्यवहारांपुरती ही तरतूद मागे घेतली आणि अटी पाळणाऱ्यांना वसूल केलेली रक्कम व्याजाशिवाय परत देण्याचे ठरविले.

तात्पर्य, पळवाट बुजविण्याचा सरकारचा अधिकार मला मान्य आहे. मात्र मागची तारीख जवळची असावी, तिचे कारण सांगावे, आणि खऱ्या व्यवहारास आपला खरेपणा दाखविण्याची संधी द्यावी. एवढे असेल तर तो कायदा कठोर म्हणावा. एवढेही नसेल तर त्याला न्याय म्हणवत नाही.

आपल्या वाट्यालाही एक कर्तव्य येते. वाटणी करावयाची तर ती मनापासून करा, लेखी करा, ताबा खरोखर द्या, आणि हिशेब निराळे ठेवा. केवळ कर वाचावा म्हणून भावाभावांत रेघ ओढू नका. कायदा उद्या बदलेल. रेघ मात्र घरात राहून जाईल.