गोरज मुहूर्त आणि मावळातला उजेड

तुळशीचं लग्न लागलं, की मावळात माणसांच्या लग्नांचे मांडव उभे राहतात. भात कापून झालेलं, खाचरं मोकळी, हवा पावसाने धुतलेली. फोटोग्राफरला वर्षात याहून चांगले दिवस मिळत नाहीत. अडचण एकच, गोरज मुहूर्ताची.

नोव्हेंबरअखेर पंचांगातला सूर्यास्त सहाच्या सुमारास असतो. पण डोंगराच्या पूर्वेला वसलेल्या वाडीतून ऊन त्याच्या कितीतरी आधी निघून जातं. अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, तेव्हा उजेड संपलेला. फ्लॅश मारावा तर चेहरे पांढरेफटक आणि मागचा तिकोना गायब! शिवाय मांडवाचं कापड लाल असलं, तर त्याखाली सगळेच चेहरे लालसर.

आताचे डिजिटल कॅमेरे कमी उजेडातही निभावून नेतात. तेव्हा रोल होते. पवनानगरजवळच्या एका लग्नात नवरीची आजी म्हणाली, "बाबा, माझा नि पोरीचा एक फोटो काढ." मी म्हटलं, "आजी, लग्न लागू द्या, मग काढतो." मग पंगती, अंधार, गडबड. फोटो राहिलाच. पुढच्या वर्षी त्या घरून निरोप आला, आजीचा एखादा फोटो असेल तर द्या. सगळ्या निगेटिव्ह पाहिल्या. अक्षता टाकणारा एक हात तेवढा सापडला. घरच्यांनी तो गोंदणावरून ओळखला.

तेव्हापासून चारच्या सुमारास मी मांडवाबाहेर खुर्ची टाकतो आणि आधी म्हाताऱ्या माणसांना बोलावतो. नवरा-नवरी नंतर.