जुने कापड, नवा व्यवहार



शूद्र सेवकास उष्टे अन्न व जीर्ण वस्त्रे द्यावीत, असे मनुस्मृतीचा दहावा अध्याय सांगतो. तो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला. म्हणूनच दोह्यातील आमच्या भगिनी मोबाइलवरून वापरलेले कपडे विकू लागल्या, तेव्हा काही ज्येष्ठ व्यथित झाले. ती व्यथा आम्ही जाणतो. परंतु उतरलेले वस्त्र पदरात टाकले जाणे निराळे आणि दोष सांगून, दाम ठरवून विकणे निराळे. भांड्यावर कपडे घेणारी बोहारीणही व्यापारीच!

परवाना आधी घ्यावा. छायाचित्रात डाग दिसावा, माप सेंटिमीटरमध्ये असावे. व्याप वाढविताना प्रथम मुलांचेच कपडे घ्यावेत. ते फाटण्याआधीच आखूड होतात. वैद्यक या नात्याने आमचा आग्रह एकच: खरजेचे किडे मरावेत म्हणून कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुवावेत, ज्यांना ते सोसणार नाही, ते आठवडाभर बंद पिशवीत ठेवावेत.