खोपोली की बिडदी?

(बेळगावात मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हाला विषय दिला ‘सुट्टी आणि कुटुंब’. विषय मोठा आहे, आम्ही तो लहान करून घेतला. घट उठले की दसऱ्याच्या सुट्टीचे जे दिवस उरतात, त्यात पोरांना घेऊन खोपोलीच्या इमॅजिकाला जायचे की बंगळूरजवळच्या बिडदीच्या वंडरलाला, एवढाच प्रश्न आमच्यापुढे आहे. गेले दोन महिने आमच्या घरात रात्रीच्या जेवणाला दुसरा विषय नाही. ‘आम्ही’ म्हणजे घरातली ११ माणसे. बोलायला एकच उभे आहे, पण मजकूर सगळ्यांचा आहे.

प्रथम एक गोष्ट सांगून टाकतो. सीमाभागातल्या माणसाने खोपोली म्हटले किंवा बिडदी म्हटले की ऐकणारे त्यात लगेच दुसरा अर्थ शोधतात. तसे काही नाही. आमच्या घरात पगार बंगळूरचा येतो आणि सून पुण्याची आहे. शिवाय आपल्या दारावरून जाणारा महामार्ग एकच. उत्तरेला वळलात तर कोल्हापूर, सातारा, पुणे. दक्षिणेला वळलात तर धारवाड, हुबळी, चित्रदुर्ग, बंगळूर. पुणे इथून साधारण ३४० किलोमीटर आणि खोपोली तिथून पुढे ८० एक. बंगळूर ५०० आणि बिडदी त्याच्या पलीकडे म्हैसूर रस्त्यावर आणखी ३०. अंतरात १०० किलोमीटरचा फरक पडतो, पण बंगळूरला रात्रीच्या गाडीत झोपून जाता येते. आता तर दोन्ही बाजूंना वंदे भारतही आहे. त्यामुळे रस्त्यावरून निकाल लागत नाही.

आता या दोन जागांविषयी. दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात. मोठी कमान, गाड्यांची रांग, आत किंकाळ्या. पण दोन्हींचे मूळ वेगळे आहे आणि ते कळले की पुष्कळ उलगडा होतो. इमॅजिका २०१३ साली सुरू झाले ते मनमोहन शेट्टींच्या ॲडलॅब्सकडून, म्हणजे फिल्म धुणाऱ्या, सिनेमा काढणाऱ्या माणसाकडून. (२०२२पासून ते संगमनेरच्या मालपाणी मंडळींकडे आहे.) वंडरला कोचौसेफ चिट्टिलापल्ली यांचे. हे गृहस्थ व्ही-गार्डचे संस्थापक. आपल्यापैकी निम्म्यांच्या घरी फ्रिजच्या मागे त्यांचा स्टॅबिलायझर असेल. त्यांनी २००० साली कोचीला पहिले उद्यान काढले आणि २००५ साली बिडदीचे.

तर एक सिनेमावाल्याचे आणि एक यंत्रवाल्याचे. इमॅजिकात जिथे बसाल तिथे काहीतरी गोष्ट सांगतात. अलीबाबाच्या गुहेतून गाडीत बसून चोरांवर नेम धरत जायचे, ‘मिस्टर इंडिया’मध्ये हलत्या खुर्चीवर बसून सिनेमा बघायचा, ‘आय फॉर इंडिया’त प्रचंड पडद्यासमोर पाय लोंबकळत ठेवून देशावरून उडत जायचे, सलीमगडात भुते बघायची. वंडरलात गोष्ट फारशी नाही. तिथे यंत्र आहे आणि ते चोख चालते. साठाहून अधिक राइड, त्यातल्या पुष्कळ पाण्याच्या, आणि सगळ्या एकाच तिकिटात. इमॅजिकात कोरड्या राइडचे उद्यान वेगळे आणि वॉटर पार्क वेगळे, दोन्हींचे तिकीटही वेगळे. दोन्ही करायची तर दोन दिवस आणि दोन खर्च. हिशेबाला बसलो तेव्हा थोरल्या भावाने वहीत पहिली रेघ इथेच ओढली आणि ‘बिडदी’ असे लिहिले.

घरातल्या १७ वर्षांच्या पोराचेही मत बिडदीलाच. त्याचे म्हणणे असे की नायट्रो एकदा करून झाला. नायट्रो म्हणजे खोपोलीचा तो तळ नसलेला रोलर कोस्टर. ४० मीटर उंच, ताशी १०५ किलोमीटर, आणि पायाखाली काही नाही. बिडदीला रिकॉइल आहे. तो आधी पुढे नेतो आणि मग तीच सगळी वळणे उलटा परत आणतो. शिवाय उंच मनोऱ्यावर बसवलेला पाळणा आहे, त्यात बसायला लिफ्टने वर जावे लागते. त्याच्या १४ वर्षांच्या बहिणीचे मत लाटांच्या तलावाला आणि पावसातल्या नाचाला. त्यांच्या आईने एवढेच विचारले की पाण्यात काय घालायचे. प्रश्न साधा नाही. दोन्हीकडे पाण्यात सुती कपडे, साडी, सलवार चालत नाही, नायलॉनचेच लागतात. सुती धागे सुटून गाळणीत अडकतात, असे त्याचे कारण. आपल्याकडच्या पन्नाशीच्या बायका या एका नियमापायी काठावर बसून राहतात. आम्ही म्हणतो, पोहण्याचा पूर्ण अंगभर पोशाख मिळतो, तो इथूनच घेऊन जावा. तिथे गेल्यावर घेऊ म्हटले की घेतला जात नाही.

या ‘काठावर बसण्या’पाशीच आमची चर्चा अडकली, आणि बरेच झाले.

अमेरिकेत १९५५ साली डिस्नेलँड उघडले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते कुठून सुचले, तेही वॉल्ट डिस्ने यांनी सांगून ठेवले आहे. लॉस एंजलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये त्यांच्या दोन मुली गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसायच्या आणि हे बाकावर बसून शेंगदाणे खात त्यांची वाट बघायचे. तेव्हा त्यांच्या मनात आले की आईबापांना आणि मुलांना मिळून मजा करता येईल अशी एखादी जागा का नसावी? म्हणजे या सगळ्या उद्योगाचे मूळ बाकावरच्या माणसात आहे. आणि आजही कुठल्याही उद्यानात जा, बाकांवर माणसे बसलेलीच आहेत. बहुतेक आया आणि आज्या.

आमच्यातले काही जण दोन्हीकडे जाऊन आले आहेत. बिडदीला दोन वर्षांपूर्वी नऊ जण, खोपोलीला गेल्या वर्षी पुण्याहून सहा जण. म्हणून यंदा आम्ही राइड मोजायचे सोडले आणि वहीत नवीन पान काढले. कोण किती वेळ बाकावर बसले? बिडदीला सून तीन तास, कारण बाळ लहान. थोरल्या वहिनी जवळजवळ दिवसभर, गुडघ्यामुळे. जिने चढून वर जायचे आणि घसरून खाली यायचे, हा तिथल्या पाण्याच्या खेळांचा प्रकार गुडघ्यांना मानवत नाही. धाकटे भाऊ मान धरते म्हणून मोठ्या राइडपासून लांब. मान, पाठ, हृदय, रक्तदाब यांच्या पाट्या दोन्हीकडे असतात आणि त्या वाचाव्यात, तिथे शूरपणा नको. खोपोलीला बाकावरचे तास पुष्कळ कमी भरले. थोरल्या वहिनी अलीबाबाच्या गुहेत गेल्या, चोहोबाजूंनी पडदा असलेला सिनेमा बघितला, परेड बघितली. गुडघ्यांनी कुठेच आडकाठी केली नाही. सामानाला दोन्हीकडे लॉकर मिळतो. माणसाला ठेवायचा लॉकर नसतो, म्हणून कोणीतरी बसते.

आणि मग लक्षात आले की वहीच्या या पानावर आजीचे नावच नाही. बिडदीला आम्ही गेलो तेव्हा ती बेळगावातच राहिली होती. खोपोलीलाही आली नाही. दोन्ही वेळा एकच वाक्य, “मी घर राखते, तुम्ही जावा की.” आजी ७८ वर्षांची आहे. घर राखायला आता आमच्या घरी आहे काय! तिला विचारले, तर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तिथं येऊन पिशव्या राखण्यापेक्षा इथं घर राखलेलं बरं. इथं निदान आडवं तरी होता येतं.”

मंडळी, यावर आमच्यापैकी कुणापाशी उत्तर नव्हते. पुढच्या जूनमध्ये १७ वर्षांचा पोरगा शिकायला बाहेर जाईल, कुठे ते अजून ठरलेले नाही. त्यानंतर सगळे ११ जण एका सुट्टीत एकत्र सापडतील याची खात्री कोण देणार? तेव्हा प्रश्न बदलला. कुठे राइड जास्त, हे बाजूला राहिले. आजी कुठे येईल, हे पुढे आले.

त्या दृष्टीने बघायला लागल्यावर नकाशाच वेगळा दिसला. बिडदीच्या बाजूला बघण्यासारखे पुष्कळ आहे, ते नाकारून चालणार नाही. रामनगरचे ते खडकांचे डोंगर, जिथे ‘शोले’चे चित्रीकरण झाले. चन्नपट्टणची लाखेची रंगीत खेळणी. बिडदीची ताटाएवढी तट्टे इडली, जिच्यासाठी आमचा थोरला भाऊ पुन्हा ५३० किलोमीटर जाईल. आणि एक गंमत म्हणजे टोयोटा किर्लोस्करचा मोटारींचा कारखानाही बिडदीलाच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भावाबरोबर सायकलींचे दुकान काढले ते आपल्या बेळगावात, १८८८ साली. सायकलपासून मोटारीपर्यंतचा हा रस्ता पोरांना दाखवायला हवा. पण आजीला मोटारीचा कारखाना बघायचा नाही.

इमॅजिका आहे खोपोली-पाली रस्त्यावर. पाली म्हणजे बल्लाळेश्वर. आणि खोपोलीजवळ महडला वरदविनायक. अष्टविनायकांतले दोन गणपती त्या उद्यानाच्या दोन बाजूंना, फार तर तासाभराच्या अंतरावर. हे आजीला सांगितले तेव्हा तिने चष्मा पुसला आणि विचारले, “पालीला उतरायची सोय आहे काय?” भक्तनिवास आहे, म्हणून सांगितले. मग विचारले, “आणि त्या पोरांच्या जत्रेत मला काय आहे?” घोड्यांचा गोल पाळणा आहे, बसून बघायचे सिनेमे आहेत, परेड आहे. “घोड्यावर कोण बसतंय,” असे म्हणाली. पण घर राखण्याचे नाव काढले नाही. आमच्या दृष्टीने निकाल लागला.

पोरांची समजूत घालायला एक कोरडा मुद्दाही उपयोगी पडला, तो तुमच्याही कामाचा आहे. आपल्या मुलांना कर्नाटकाच्या शाळांप्रमाणे दसऱ्याची लांब सुट्टी असते, महाराष्ट्रातल्या मुलांना दिवाळीची. म्हणजे दसऱ्याच्या सुट्टीत बिडदीला सगळ्या कर्नाटकाची पोरे लोटणार, त्यात म्हैसूरचा दसरा त्याच रस्त्यावर. आणि नेमके त्याच दिवसांत पुण्या-मुंबईच्या शाळांत सहामाही परीक्षा चाललेल्या. मधल्या वारी खोपोलीला गेलो तर रांगा कमी लागतील. तोवर घाटातला पाऊसही ओसरलेला असतो. पावसाळ्यात गेलात तर सरी आल्या की उघड्यावरच्या मोठ्या राइड थांबवतात, पैसे भरून छपराखाली उभे राहायचे. बिडदी आम्ही जानेवारीतल्या एखाद्या साध्या आठवड्यासाठी ठेवली आहे. तेव्हा पोरे दोघे-तिघे मिळून रात्रीच्या गाडीने जातील आणि आमच्या बंगळूरच्या मुलाकडे उतरतील. त्यांनाही तेच हवे आहे, असे आता कळते आहे!

जाणाऱ्यांसाठी दोन-चार बारीक गोष्टी. लहान मुलांचे तिकीट या ठिकाणी वयावर नसून उंचीवर असते. वंडरलात ८५ सेंटिमीटरच्या आतले मूल फुकट. घरून निघण्यापूर्वी चौकटीला उभे करून टेप लावा. आमचे तीन वर्षांचे बाळ ९२ भरले, आणि नऊ वर्षांचा भाचरांचा लाडका नायट्रोसाठी कमी पडला, तो दोन दिवस गप्प होता. हे घरी कळलेले बरे, रांगेच्या टोकाला जाऊन कळले की तिथे रडारड होते. शनिवार-रविवारी आणि सणावारी तिकीट महाग असते, मधल्या वारी स्वस्त. ज्येष्ठांना सवलत आहे, वयाचा कागद बरोबर ठेवा. बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत. आजीच्या दशम्या गाडीतच संपवाव्या लागणार, हे तिला अजून सांगितलेले नाही.

आमचा बेत असा ठरला. दसऱ्यानंतरच्या सोमवारी पहाटे इथून निघायचे, कोल्हापूरला न्याहारी, रात्री पुण्यात लॉजवर मुक्काम. व्याह्यांच्या घरी ११ माणसे नेऊन उतरवणे सुनेला पसंत नाही, आणि ते बरोबर आहे. मंगळवारी महडचा गणपती करून पालीला जायचे, तिथेच राहायचे. बुधवारी सगळ्यांनी इमॅजिका. आजीला दुपारी थकवा आला तर थोरल्या वहिनी तिला घेऊन गाडीने पालीला परत जातील, बाकीचे संध्याकाळपर्यंत थांबतील. गुरुवारी परतीचा रस्ता.

टेम्पो ट्रॅव्हलर १३ जणांची ठरवली आहे, आम्ही ११ आहोत. दोन जागा शिल्लक आहेत. कुणाच्या घरी आजी किंवा आजोबा घर राखत बसणार असतील, तर आरतीनंतर प्रसादाच्या टेबलापाशी आम्हाला भेटा. आमच्या आजीला बोलायला सोबत हवी आहे.