खाडीत होडी वल्ह्यांचीच हवी

ब्राझीलच्या ॲमेझॉन खोऱ्यातल्या मामिराउआ राखीव जंगलात पुराचं पाणी १०-१२ मीटर चढतं आणि पाहुण्यांना झाडांमधून होडीनं फिरवतात ते तिथलेच नदीकाठचे रहिवासी. आपल्या आचऱ्याच्या खाडीला असा पूर नाही, पण दिवसातून दोनदा भरती कांदळवनात शिरतेच. इथं पर्यटन वाढायचं तर ते वल्ह्यांच्या होडीतून आणि गावाच्याच हातात वाढावं. ओहोटीला चिखलातून बोटभर वर आलेल्या तिवराच्या श्वासमुळ्या पाहा. त्या गाळाखाली गाडल्या गेल्या की झाड गुदमरतं, आणि इंजिनाच्या होडीच्या लाटा काठ खचवून नेमका तोच गाळ ढवळतात.

कुणी म्हणेल, वल्ह्यांच्या होडीत माणसं मावणार किती आणि पैसा सुटणार किती? प्रश्न रास्त आहे. पण वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला स्वतः वल्ही मारत कांदळवन सफर चालवत आल्या आहेत. गर्दी कमी असते, हे खरं. खाडीला झेपते तेवढीच ती असावी. शिवाय हंगामात काही दिवस फेऱ्या बंदच ठेवाव्यात. गावपळणीला रामेश्वराचा कौल घेऊन, घरंदारं बंद करून, गुराढोरांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहणाऱ्या आचऱ्याला ते जड जाऊ नये.