टाकीपाशी पिवळं, शेवटच्या नळाला कोरं

आजचा भाग छोटा आहे. ऑडिओत मागे एक कुत्रं सारखं भुंकतंय, ते काही एडिट होईना. वाचणाऱ्यांची त्यातून सुटका झाली.

विषय आहे शाळेची सहल. किल्ला नाही, वॉटर पार्क नाही. सहावीच्या पोरांना त्यांच्याच गावातली ग्रामपंचायत, पाण्याची टाकी आणि आरोग्य उपकेंद्र दाखवायचं. माझी मावशी त्या शाळेत शिकवते. तिला जोडीला एक मोठं माणूस हवं होतं आणि माझं वर्क फ्रॉम होम चालू होतं, म्हणून गेलो. गाव सातारा जिल्ह्यातलं, नाव मुद्दाम घेत नाही.

ग्रामपंचायतीत नेहमीचंच झालं. ७३वी घटनादुरुस्ती, अकराव्या अनुसूचीतले २९ विषय, त्यात पिण्याचं पाणी आणि आरोग्य दोन्ही. पोरांनी वहीत उतरवून घेतलं आणि पंख्याकडे बघत बसली. खरी मजा टाकीपाशी आली.

उपकेंद्रातले आरोग्यसेवक तिथे आले होते. (पोरं त्यांना सरसकट ‘डॉक्टर’ म्हणतात, तेही आता सवयीने ओ देतात.) त्यांनी ओटी टेस्ट करून दाखवली. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर त्यात क्लोरीन आहे. जलसुरक्षक काका सकाळी टाकीत टीसीएल पावडर टाकतात. त्यानंतर निदान अर्धा तास पाणी तसंच राहू द्यावं लागतं, तोवर जंतू मरतात. पावडर दमट जागी उघडी राहिली तर तिच्यातलं क्लोरीन उडून जातं, मग तुम्ही नुसता चुना टाकताय. हे मलाही माहीत नव्हतं.

टाकीपाशी पिवळंधमक. शाळेच्या नळाला फिकट, पण पिवळं. सगळे खूश. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, “सर, आमच्याकडं पण बघा ना. आजी आठ दिवस झोपूनच हाय जुलाबानं.”

तिचं घर गावाबाहेरच्या वस्तीत, लाइनीच्या अगदी टोकाला. गेलो सगळे चिखल तुडवत. नळी भरली, थेंब टाकले, हलवली. कोरं पाणी. पुन्हा केलं, पुन्हा कोरं. नियम असा की घरात येणाऱ्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. इथे रंगाचा पत्ताच नाही.

आमच्या कामात हे रोज दिसतं बघा. डॅशबोर्डवर सर्व्हर हिरवागार, आणि युजरच्या मोबाइलवर नुसतं चक्र फिरतंय. मोजायचं कुठे, हाच प्रश्न असतो. टाकीपाशी मोजलं तर गाव पास.

जलसुरक्षक काकांनी खरं ते सांगून टाकलं. पाइप एका ठिकाणी गटारीतून जातो आणि तिथेच गळतो. वरच्या आळीतले काही जण नळाला थेट मोटार लावतात. मोटार पाणी ओढते, पाइपातला दाब उतरतो आणि गळतीच्या जागी बाहेरची घाण आत खेचली जाते. जे थोडं क्लोरीन उरलंय ते त्या घाणीतच संपतं. मुलीने सरळ विचारलं, “म्हंजे आमी काय पितो?” कुणी काहीच बोललं नाही. मावशीसुद्धा नाही.

आरोग्यसेवकांनी घरात मेडिक्लोरचे थेंब आणि ओआरएस दिलं, पाणी उकळून प्यायला सांगितलं, तपासणीसाठी बाटली भरून घेतली. परत ग्रामपंचायतीत आल्यावर सरपंच ताई म्हणाल्या, पाइपाला पैसे नाहीत. एक पोरगं वही उघडून म्हणालं, “ताई, मघाशी भाऊसाहेबांनी सांगितलं की वित्त आयोगाचे ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचे असतात.” पंधराव्या वित्त आयोगाचा २०२१ ते २०२६ साठीचा नियम तसाच होता. ग्रामसेवक भाऊसाहेब चष्मा पुसायला लागले. ताई हसल्या, पण म्हणाल्या, “विषय ग्रामसभेत आणा.”

आता गंमत अशी की ग्रामसभा म्हणजे गावातले मतदार. अकरा वर्षांच्या मुलीला तिथे मत नाही. आईला आहे. आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, ते आईला त्या दिवशीपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. १५ ऑगस्टच्या सभेआधी ती तिथे बोलली. पोरांनी कोणत्या नळाला कोणता रंग आला त्याचा तक्ता केला होता, तो तिने टेबलावर ठेवला आणि इतिवृत्तात विषय लिहून होईपर्यंत जागची हलली नाही. हे मावशीकडून कळलं, मी तेव्हा पुण्याला परतलो होतो.

गटारीतला पाइपाचा तुकडा दिवाळीनंतर बदलला. आजी बऱ्या आहेत. मोटारी मात्र अजून चालू आहेत, कारण त्या ज्यांच्या आहेत त्यांना बोलायला गावात कुणी तयार नाही. वीज गेलेली असली की मोटारी बंद असतात. त्या दिवशी त्या मुलीच्या नळाला फिकट पिवळा रंग येतो.