हाताला बसणारे हत्यार : दिवाणखान्यातील खेळ आणि बिनतारी साधने



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही हा विषय कळविला. कामगार चळवळीतल्या माणसाने किमान वेतन सोडून खेळण्याच्या साधनांवर बोलावे याचे त्यांना नवल वाटले. ते साहजिक आहे. परंतु फुरसत ही कामगाराला कुणी दान म्हणून दिलेली नाही. इंग्लंडात रॉबर्ट ओवेनने १८१७ च्या सुमारास दिवसाचे तीन सारखे भाग मागितले; आठ तास काम, आठ तास करमणूक, आठ तास विश्रांती. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी करून जी खटपट केली, तिच्यामुळे १८९० साली रविवारची सुटी पदरात पडली. भांडून मिळविलेल्या त्या वेळात घरातली माणसे काय करतात, आणि सगळ्यांना त्यात वाटा मिळतो की नाही, हे पाहणे आमच्या मते आमच्या कामातच बसते.

आम्ही संगणकशास्त्राचे पदवीधर नाही. लेथवर उमेदवारी केली, रात्रशाळेत चार इयत्ता काढल्या आणि उरलेले सार्वजनिक ग्रंथालयात बसून वाचले. युनियनच्या कचेरीत सभासदांच्या मुलांसाठी खेळांचा एक संगणक बसविला आहे, त्याची खरेदी आणि देखभाल आमच्याकडे असते. आयुष्यभर हत्यारे हाताळली असल्यामुळे हत्यार हाताला बसते की नाही, एवढे आम्हाला कळते. आजचे बोलणे तेवढ्याच अधिकाराने.

पूर्वी खेळांचा संगणक म्हणजे टेबलाखाली ठेवायचे एक लहानसे कपाटच असे. २००१ साली मिनी-आयटीएक्स नावाचा १७ सेंटिमीटर चौरस बोर्ड निघाला, आणि त्याच्याभोवती बांधलेला संगणक आता टीव्हीखालच्या फळीवर दोन जाड शब्दकोशांच्या जागेत मावतो. हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे. संगणक कोपऱ्यात होता तेव्हा त्याच्यापुढे एक खुर्ची असे आणि त्या खुर्चीवर घरातला थोरला मुलगा असे. आता तो बाहेरच्या खोलीत आला. तिथे आजी बसते, धाकटी मुलगी बसते, पाळीवरून आलेला बाप बसतो. पडदा सगळ्यांना दिसतो. खेळात मात्र त्यालाच शिरता येते, ज्याच्या हाताला साधन जमते. म्हणून संगणकाच्या पोटात काय आहे यावर दुकानदाराशी तासभर घालणाऱ्यांना आमची विनंती आहे की, त्यांतला अर्धा तास तरी हातात काय येणार यासाठी ठेवावा.

तारेचे गुण आम्ही नाकारीत नाही. तार असली म्हणजे सेल लागत नाही आणि जोडणी मधेच तुटत नाही. टेबलाशी बसून खेळणाऱ्याने तारेचेच साधन घ्यावे असे आम्ही बेलाशक सांगतो. दिवाणखान्यात मात्र टीव्ही आणि बैठक यांच्यात आठ-दहा फुटांचे अंतर असते, आणि स्वयंपाकघराची वाट बहुधा त्यातूनच जाते. चहाचे कप घेऊन येणाऱ्या बाईच्या पायात तार अडकणार हे उघड आहे. मायक्रोसॉफ्टने २००१ साली पहिला एक्सबॉक्स काढला, तेव्हा त्याच्या कंट्रोलरच्या तारेत असा एक जोड ठेवला होता की, पाय अडकल्यास तार तिथून सुटावी. म्हणजे कारखानदारांनाही हे अडखळणे ठाऊक होते. पुढच्याच वर्षी निन्टेन्डोने वेव्हबर्ड हा रेडिओवर चालणारा कंट्रोलर आणला, आणि तेव्हापासून तार हळूहळू मागे पडली.

आता या बिनतारी साधनांचे बोलणे चालते कसे, ते थोडे समजून घ्यावे लागेल. कारण निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ तिथे आहे. ही साधने बहुतेक सारी एकाच रेडिओपट्ट्यात बोलतात, २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ. भारतात या पट्ट्यातील कमी शक्तीच्या साधनांना २००५ साली परवान्यातून सूट मिळाली. परवाना नाही म्हटल्यावर गर्दी आलीच. आपला वाय-फाय बहुधा तिथे, शेजाऱ्याचा तिथे, कानाला लावायचे बिनतारी हेडफोन तिथे, आणि स्वयंपाकघरातली मायक्रोवेव्ह भट्टीही २.४५ गिगाहर्ट्झवरच तापते. या बाजारात आपला आवाज ऐकू जावा म्हणून ब्लूटूथने युक्ती केली ती जागा बदलत राहण्याची. मूळच्या ब्लूटूथमध्ये पट्ट्याचे ७९ भाग पाडले असून बोलणारे सेकंदाला १६०० वेळा एका भागातून दुसऱ्यात उडी मारतात. अशा उड्यांच्या कल्पनेवर १९४२ साली अमेरिकेत एक पेटंट मिळाले होते, आणि ते घेणारी दोन माणसे होती हेडी लमार ही सिनेनटी आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार. पाणतीराला दिलेला रेडिओसंदेश शत्रूने अडवू नये, म्हणून आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या भोके पाडलेल्या गुंडाळीवरून ८८ ठिकाणी उड्या मारायच्या, अशी त्यांची योजना होती. विद्यापीठाचा शिक्का नसलेल्या माणसांनी केलेले हे काम आहे. ते सांगताना आम्हाला आनंद होतो, हे लपवीत नाही.

ब्लूटूथखेरीज दुसरा मार्ग डोंगलचा. साधनाबरोबर नखाएवढा ग्राहक येतो, तो संगणकाच्या यूएसबी खाचेत खोवायचा. याला उशीर कमी लागतो आणि जोडणी झटपट होते. डोंगलचा कीबोर्ड संगणकाला साध्या यूएसबी कीबोर्डासारखा दिसतो. त्यामुळे विंडोज सुरू होण्यापूर्वीच्या पडद्यावरही तो चालतो. ब्लूटूथचा कीबोर्ड तिथे बहुधा मुका असतो, आणि संगणक बिघडला म्हणजे नेमके तिथेच काम पडते. डोंगलचा दोष असा की तो हरवला तर साधन बहुधा निरुपयोगी होते. आम्ही आमच्या डोंगलना रंगीत दोरा बांधून ठेवला आहे.

परंतु डोंगल खोवायचा कुठे? यावर थोडे थांबू. लहान संगणकाची पेटी बहुधा पत्र्याची. ती टीव्हीच्या मागे किंवा लाकडी कपाटात ढकललेली. आणि तिच्या पाठीमागे निळ्या खाचा असतात त्या यूएसबी ३ च्या. लोक डोंगल तिथे खोवतात आणि मग माऊस अडखळतो, कंट्रोलरचे बटण दाबलेले पोहोचत नाही, अशी तक्रार आणतात. इंटेल कंपनीने २०१२ साली एक टिपण प्रसिद्ध करून सांगितले की, यूएसबी ३ च्या जलद संदेशांतून जो विद्युत गोंगाट निघतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो, आणि जवळचा बिनतारी ग्राहक त्यामुळे बधिर होतो. त्याच खाचांत बाहेरची हार्ड डिस्क चालू असेल तर विचारूच नका. वर मधे पत्रा, आणि समोर माणसांची शरीरे. शरीरात पाणी, आणि पाणी या लहरी पिऊन टाकते. उपाय अगदी स्वस्त आहे. यूएसबी २ च्या, म्हणजे बहुधा काळ्या खाचेत हातभर लांबीची एक्स्टेन्शन केबल लावावी आणि तिच्या टोकाला डोंगल बसवून तो टीव्हीच्या पुढच्या काठावर, बैठकीला दिसेल असा ठेवावा. वाय-फायचा राउटर ५ गिगाहर्ट्झवर चालत असेल तर संगणक त्या पट्ट्यावर न्यावा. नवे साधन विकत घेण्याच्या तयारीने आमच्याकडे आलेल्या कित्येकांना आम्ही एवढे करून घरी पाठविले आहे.

वेगाविषयी जाहिराती फार बोलतात, आम्ही थोडक्यात आटोपतो. साधा माऊस सेकंदाला १२५ वेळा खबर देतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी; खेळाचा म्हणून विकलेला १००० वेळा, म्हणजे दर मिलिसेकंदाला. पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलत असेल तर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते. उलट टीव्ही स्वतः चित्र गुळगुळीत करण्याच्या नादात ५० मिलिसेकंदांहून अधिक वेळ खातो, असे पुष्कळ संचांत आढळते. तेव्हा आधी टीव्हीच्या मेनूत जाऊन गेम मोड चालू करावा आणि मग वेगासाठी पैसे मोजावेत.

निवडीकडे येऊ. बैठकीवरून खेळायला मुख्य साधन कंट्रोलर, म्हणजे गेमपॅड. फुटबॉल, क्रिकेट, मोटारींच्या शर्यती, उड्या मारत पुढे जायचे खेळ, हे त्यावरच रंगतात. विंडोजवरचे खेळ बहुतांशी एक्सबॉक्सच्या धर्तीचा कंट्रोलर गृहीत धरतात; प्लेस्टेशनचा वापरायचा तर स्टीममधून तो जुळवून घेता येतो. चौघे एकदम खेळणार असतील तर चार ब्लूटूथ कंट्रोलर आणि वर बिनतारी हेडफोन अशी गर्दी करू नये. एक्सबॉक्सचा स्वतःचा बिनतारी ग्राहक आठ कंट्रोलर सांभाळतो. स्टीमने २०१२ साली बिग पिक्चर ही मोठ्या अक्षरांची मांडणी दिल्यापासून खेळ निवडायलाही कीबोर्ड लागत नाही. तरी पासवर्ड घालायला आणि विंडोजची कटकट मिटवायला, एका बाजूला टचपॅड असलेला एक लहान कीबोर्ड घरात असावा. राज्ये चालविण्याच्या आणि नेम धरण्याच्या खेळांना माऊसच हवा. त्याला मांडीवर घ्यायची सपाट फळी लागते. गादीवर किंवा काचेवर माऊस नीट चालत नाही, कारण त्याचा डोळा खालच्या पृष्ठभागाची चित्रे टिपून हालचाल ओळखत असतो.

कीबोर्ड घेताना एक पाहावे. २०१६ साली बॅस्टिल या कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले की, अनेक प्रसिद्ध कंपन्यांच्या ब्लूटूथ नसलेल्या माऊस-कीबोर्डांच्या डोंगलमध्ये सुमारे १०० मीटरवरून परका माणूस खोटी अक्षरे घुसवू शकतो. तेव्हा संदेश सांकेतिक करून पाठविणारा कीबोर्ड घ्यावा. खोक्यावर तसे छापलेले असते. नसेल तर दुकानदाराला विचारावे आणि त्याला सांगता आले नाही तर दुसरे दुकान गाठावे.

आता टिकाऊपणा. १९५६ साली अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीसाठी रॉबर्ट ॲडलर यांनी टीव्हीचा जो दूरनियंत्रक केला, त्यात सेलच नव्हता. बटण दाबले की आत एक हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आपटे आणि माणसाला न ऐकू येणारा नाद निघे. सेल संपला तर गिऱ्हाईक टीव्हीच बिघडला म्हणेल, ही धास्ती त्यामागे होती. ते शहाणपण पुढे राहिले नाही. आजच्या पुष्कळ कंट्रोलरांत बॅटरी आत बंदिस्त असते. दोन-चार वर्षांत ती दमते आणि ती बदलणे सामान्य माणसाला जमत नाही. आमचा कौल पेन्सिल सेलच्या कंट्रोलरला. पुन्हा चार्ज होणारे निकेलचे चार सेल घ्यावेत, दोन आत, दोन चार्जरवर. दुसरा दुखरा भाग म्हणजे अंगठ्याखालच्या दांड्या. त्यांच्या आत घासून झिजणारा पोटेन्शिओमीटर असतो. तो झिजला की हात न लावताही पडद्यावरचा खेळाडू एका बाजूला चालू लागतो. १८७९ साली एडविन हॉल यांनी शोधलेल्या चुंबकीय परिणामावर चालणाऱ्या दांड्या आता मिळतात. त्यांच्या मापनात घासणारे काही नसते. कचेरीसारख्या दहा हातांच्या जागी त्याच घ्याव्यात.

हे सर्व सांगितले ते यंत्राचे. मूळ गोष्ट हाताची आहे. १७०० साली इटलीतल्या मोडेना येथे बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने कारागिरांच्या रोगांवर पुस्तक लिहिले, त्याच्या पुढच्या आवृत्तीत दिवसभर लेखणी चालविणाऱ्या कारकुनांचे हात कसे दुखतात व बधिर होतात हे नोंदले आहे. १९९० साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात व्हिडिओ खेळामुळे अंगठ्याची शीर दुखावलेल्या रुग्णाविषयी पत्र आले, आणि त्या दुखण्याला निन्टेन्डोचे नाव चिकटले. कारखान्यात सक्तीने होते ते घरात हौसेने होऊ नये. लहान मुलाच्या हाती मोठ्या पंजाचा जड कंट्रोलर देऊ नये, आणि डावखुऱ्याला उजव्या हातासाठी घडविलेला माऊस देऊ नये.

आमच्या एका सभासदाचा उजवा हात पॉवर प्रेसखाली सापडला. तर्जनी आणि मधले बोट गेले. त्या वेळी लागू असलेल्या १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात, एका हाताची दोन बोटे गेली तर कमाईची ताकद २० टक्के घटली असे धरले होते. त्या हिशेबाने पैसे मिळाले. परिशिष्टात मुलाबरोबर खेळण्याला रकाना नव्हता. कंट्रोलरची वरची उजवी बटणे तर्जनीने दाबायची असतात. मुलगा खेळे, बाप शेजारी बसून पाही, आणि विचारले तर मला आवड नाही म्हणे. आम्ही त्यांना मागच्या अंगाला दोन जादा बटणे असलेला कंट्रोलर आणून दिला. स्टीमच्या मांडणीत वरच्या बटणांचे काम त्या मागच्या बटणांवर टाकले. ती अनामिका आणि करंगळीने दाबता येतात. पकड बसायला तीन आठवडे लागले. मोटारींच्या शर्यतीत मुलगा अजून त्यांना हरवतो, आणि आवड नसल्याची भाषा आता बंद झाली आहे.

ज्यांचे याहून अधिक गेले आहे त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने २०१८ साली ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर काढला. त्याच्यावर तळहाताएवढी दोन मोठी बटणे असतात आणि पाठीमागे ३.५ मिलिमीटरच्या १९ खाचा. एकेका खाचेत एकेक खटका जोडून तो पायाखाली, कोपराशी, हनुवटीखाली, जिथे हालचाल शिल्लक असेल तिथे ठेवता येतो. वस्तू महाग आहे आणि खटके वेगळे घ्यावे लागतात. पण साधा दाबायचा खटका आपल्या गावातला कोणताही इलेक्ट्रिशियन त्या मापाच्या पिनेला जोडून देऊ शकेल. त्यात गूढ काही नाही. दुकानात जाताना म्हणूनच घरातल्या सर्वांत तरबेज खेळाडूला नेऊ नये. ज्याचा हात सर्वांत अडतो त्याला न्यावे, खोके उघडायला लावावे, त्याच्या हातात साधन पाच मिनिटे राहू द्यावे. उघडू न देणाऱ्या दुकानदारापाशी आम्ही कामगार पुढाऱ्याचा आवाज काढतो. आपणही थोडा काढून पाहावा.

व्यासपीठाखालच्या टेबलावर आम्ही कचेरीतला संगणक, तीन प्रकारचे कंट्रोलर, टचपॅडचा कीबोर्ड आणि डोंगलची केबल मांडून ठेवली आहे. अध्यक्षांचे समारोपाचे भाषण झाल्यावर ज्यांना हातात घेऊन पाहायचे असेल त्यांनी डाव्या दाराने यावे. मुलांना थोडे मागे ठेवावे आणि वडीलधाऱ्यांना आधी येऊ द्यावे. लाल दोरा बांधलेला डोंगल मात्र कुणी खिशात घालून नेऊ नये.