डेंगळ्यात बी भरायचं, तर मधमाशी जपा

कांद्याचं बी आपण घरीच धरतो. दिवाळीच्या सुमारास लावलेल्या कांद्याला फेब्रुवारीत डेंगळे येतात आणि शेत पांढऱ्या गोंड्यांनी भरून जातं. पण गोंडे फुलले म्हणजे बी भरलं, असं समजू नका.

कांद्याच्या फुलाची रीत निराळी आहे. फुलात सहा परागकोश असतात. ते आधी फुटतात. त्या वेळी स्त्रीकेसर कोवळा, जेमतेम १ मिलिमीटर लांब असतो. तो वाढून तयार होईतो त्याच फुलातला पराग संपलेला असतो. म्हणून पराग दुसऱ्या फुलावरून यावा लागतो. हा पराग चिकट असल्यानं वाऱ्यावर भरवसा ठेवता येत नाही. हे काम मुख्यतः मधमाशी करते. सातेरी, फुलोरी, आग्या या सगळ्या आपल्या कामाच्या. एका फुलात जास्तीत जास्त ६ बिया धरतात. माशी फिरकली नाही, तर बोंड पोकळ राहतं.

एका गोंड्यात शेकड्यांनी फुलं असतात. ती २ ते ४ आठवडे थोडी थोडी उमलतात. या दिवसांत एक चुकीची फवारणी झाली, तर माश्या मरतात आणि पुढची फुलं वाया जातात.

तेव्हा एवढं करा :

१. फुलकिड्यांवरची फवारणी फुलं उमलण्याआधीच उरका. नंतर फवारणं अगदी भागच पडलं, तर कृषी सहाय्यकांना विचारून औषध निवडा आणि माश्या पोळ्यावर परतल्यावर, संध्याकाळी फवारा.

२. शंभरात दहा फुलं उमलली, की एकरी दोन मधपेट्या ठेवा. पेट्या रात्रीच हलवा. जवळ उथळ भांड्यात खडे घालून पाणी ठेवा.

३. बांधावरच्या झाडाचं आग्याचं पोळं जाळू नका.

४. माशी बांध ओळखत नाही. शेजाऱ्याच्या दुसऱ्या जातीचा पराग ती तुमच्या गोंड्यावर आणते आणि बी भेसळीचं होतं. म्हणून प्रमाणित बियाण्यासाठी दोन जातींत ५०० मीटर, तर पायाभूत बियाण्यासाठी १००० मीटर अंतर ठेवावं लागतं.

तुम्ही जपलं आणि शेजाऱ्यानं भर दुपारी फवारलं, तर माशी तिकडं मरते आणि बी तुमचं घटतं. म्हणून फुलं उमलण्याआधीच शिवेवरच्या चार जणांनी पारावर बसून फवारणीची वेळ ठरवा. या ठरावाला खर्च काही नाही.